बत्तीसशेची बाटली

तिसऱ्या बाटलीचं बूच निघालं आणि महेंद्रने मनाशी पक्कं केलं. आज सांगून टाकायचं. नोकरी गेली तर गेली.

रविवारची दुपार. बदलापूरच्या शिरगावातल्या हितेशशेठच्या हॉटेलचा एसी हॉल गच्च भरलेला. मधल्या लांब टेबलावर इटालियन लोकांचा गलका चाललेला. अंबरनाथच्या एमआयडीसीत मशिनी बसवायला आलेली ही मंडळी दोन वर्षं जवळच्याच टॉवरमध्ये राहत होती. दर रविवारी जेवायला इथेच यायची आणि वेटर हवा तर महेंद्रच. दुसरा कुणी पुढे झाला की हात हलवून परत पाठवायची. उद्या सगळे आपल्या देशी निघणार होते. आजचं जेवण शेवटचं.

"महिंदर, डालो, डालो!" म्हातारे ब्रूनोसाहेब ग्लास पुढे करून ओरडले.

खरं तर रीत अशी, की बाटलीचं लेबल दाखवायचं, घोटभर ओतायची, साहेबांनी चाखून मान हलवली की मगच बाकीच्यांचे ग्लास भरायचे. ब्रूनोसाहेब कधी चाखतच नसत. वाइनच्या देशातला माणूस! आणि वाइन तरी कसली? नाशिककडची साधी लाल वाइन, कुळगावच्या वाइन शॉपमध्ये आठशेला मिळणारी. इथे बत्तीसशे. गोऱ्यांसाठी सोनेरी कडांचं मेनूकार्डच वेगळं छापलेलं. महेंद्रला कोडं पडायचं. एवढी शिकलेली माणसं, मग बिल बघताना आंधळी कशी होतात?

"गोऱ्यांना परवडतंय," हितेशशेठ गल्ल्यावरून दात काढायचा. "तुझ्या खिशातून जातंय का? नाय ना? मंग तोंड शिव."

महेंद्रने तोंड शिवलं होतं, कारण त्याला शेठकडून उचल हवी होती. यशूसाठी. त्याची आणि शालनची ही एकुलती एक लेक जन्मापासून बहिरी. कानात मशीन बसवलं तर ऐकू येईल, बोलायलाही शिकेल, पण बसवायचं ते पाच वर्षांच्या आत, असं डॉक्टरांनी बजावलं होतं. सरकारी मदतीत नंबर लागेना. मग महेंद्र शेठपुढे हात पसरत राहिला.

"गणपती होऊ दे," शेठ म्हणाला. मग म्हणाला, "दिवाळी होऊ दे." मग, "अरे बाबा, धंदा बसलाय, तुला दिसतंय नाय का?"

यशू चाराची पाच झाली, पाचाची सहा झाली. परवा डॉक्टरांनी मान हलवली. आता बसवूनही फारसा उपयोग नाही. उशीर झाला.

शालन रडली नाही. घरी येऊन तिने भांडी घासायला घेतली आणि ती अशी आपटली, अशी आपटली, की शेजारची बाई धावत आली. मोरीच्या दाराशी बाहुलीची वेणी घालत बसलेल्या यशूने मात्र मानसुद्धा वर केली नाही.

शेठ आता आणखी काय हिरावून घेणार होता? भरल्या हॉलमध्ये, सगळ्या गिऱ्हाइकांसमोर त्याचं सोंग उघडं पाडायचं. गोरे चिडतील, आरडाओरडा होईल, बदलापूरभर बोभाटा होईल. होऊ दे!

त्याने बाटली टेबलावर आदळली.

"सर, ही बाहेर आठशेला मिळते," टेबलं पुसता पुसता शिकलेल्या इंग्रजीत तो मोठ्याने म्हणाला. "आमचा शेठ दोन वर्षं तुम्हाला लुटतोय. आणि मीच ओतत होतो. आता काय करायचं ते करा. पोलीस बोलवा, मला मारा, काहीही करा."

शेजारच्या टेबलावरची माणसं घास हातात धरून बघू लागली. गल्ल्यावर हितेशशेठ ताडकन उभा राहिला. त्याच्या तोंडचं पाणी पळालं होतं.

महेंद्र वाट बघत राहिला. आता भडका उडेल.

ब्रूनोसाहेब हसले. त्यांनी शेजारची खुर्ची ओढली आणि महेंद्रला दंडाला धरून बसवलं. ज्या हॉलमध्ये तो इतकी वर्षं उभा होता, तिथे तो पहिल्यांदाच बसला.

"आम्हाला ठाऊक आहे रे," साहेब म्हणाले. "पहिल्याच रविवारी मी तुझ्या शेठशी भांडलो होतो. तेव्हा त्याने खरं सांगितलं. आठशे वाइनचे आणि वरचे सगळे तुझ्या मुलीच्या कानासाठी. मात्र तुझ्यासमोर चकार शब्द काढायचा नाही, कारण तू मानी माणूस आहेस, दुखावशील. आम्ही शब्द दिला." त्यांनी बाटलीकडे बघून नाक मुरडलं. "देवाशपथ सांगतो, असली आंबट वाइन आमच्या गावात कुणी पायावर ओतून घेणार नाही. पण आम्ही प्यायलो. ज्यांना नको होती त्यांनाही मी पाजली!"

टेबलावर हशा उसळला. कुणी महेंद्रची पाठ थोपटली, कुणी ग्लास उंचावला. त्याने गल्ल्याकडे पाहिलं. शेठ नव्हता. किचनचं दार नुसतंच हलत होतं.

ब्रूनोसाहेबांनी आपला जाड, सुरकुतलेला हात महेंद्रच्या हातावर ठेवला. त्यांचा चेहरा सणाच्या दिवशी फुलावा तसा फुलला होता.

"उद्या चाललोय, तेव्हा आता तरी विचारू दे," ते म्हणाले. "पोरीला नीट ऐकू येतं ना?"