सोबतच्या व्यक्तीने मागून धरावे

“खड्डा,” फर्डिनंड म्हणाला.

“केवढा?” मागून एमिलीने विचारलं.

“तुझ्या डोक्याएवढा!”

“बरं. डावीकडून घेताय की उजवीकडून?”

“डावीकडून,” तो दातओठ खात म्हणाला, आणि भुईगावच्या गल्लीतून चर्चमधल्या रविवारच्या मिस्साला निघालेली त्यांची वरात पुन्हा सरकू लागली.

वरात म्हणजे काय, तर पुढे बॅटरीवर चालणाऱ्या चारचाकी स्कूटरवर फर्डिनंड, आणि मागे सीटची पाठ घट्ट धरून चालणारी त्याची बायको. साखरेपायी त्याचा उजवा पाय गुडघ्याखाली कापावा लागला, तेव्हा मुलीने, एलिनाने, पुण्याहून ही स्कूटर पाठवली. खाटेवर पडून पडून कुजत चाललेल्या फर्डिनंडला वाटलं, सुटलो एकदाचा! आता आपलं आपण चर्चला जायचं, बाजारात जायचं, मनात आलं तर समुद्रावर. कसलं काय! स्कूटरसोबत इंग्रजीत छापलेला सूचनांचा कागद आला होता. दहावी पास एमिलीने तो हातात धरला आणि कुठेही न अडखळता, एका दमात मराठीत सांगून टाकला. वेगाचं बटण कासवाच्या चित्रापलीकडे फिरवू नये. खड्डा, गाडी, कुत्रा, माणूस, जे दिसेल ते चालवणाऱ्याने मोठ्याने सांगावे. आणि सोबतच्या व्यक्तीने मागून धरूनच चालावे.

तेहतीस वर्षं एसटी चालवलेला माणूस हा! भर पावसात, भरलेली गाडी घेऊन घाट उतरलेला. आणि आता त्याने गल्लीतून ओरडत जायचं, “सायकल! कुत्रा! शेण!” शेजारच्या पॉलिनने तर एकदा तोंडावरच विचारलं, “काय काका, कंडक्टर बरोबर घेऊनच फिरता वाटतं?” बायका खो खो हसल्या. फर्डिनंडला मेल्याहून मेल्यासारखं झालं.

सहा महिने तो हे सोसत होता. सांगणार कुणाला? अंघोळीपासून चपलेपर्यंत त्याचं सगळं एमिलीच्या हातात. त्यात हल्ली तिचं काहीतरी बिनसलं होतं. चर्चमध्ये इतकी वर्षं वाचन करायची, तेही सोडलं. म्हणे, नवीन मुलींना संधी मिळू दे. दोन-तीनदा भातात खडे निघाले. टीव्हीपुढे बसायची, पण हसायची सगळ्यांच्या नंतर. फर्डिनंडने मनाशी ठरवूनच टाकलं, बाई आपल्याला कंटाळली.

काल भाचा आला होता, कॅल्विन. फर्डिनंडने तो कागद त्याच्यापुढे टाकला.

“मागून धरायचं कुठे लिहिलंय ते दाखव रे जरा.”

कॅल्विनने कागद दोन्ही बाजूंनी पाहिला. “असलं काही नाही यात, मामा. बॅटरी कशी चार्ज करायची, तेवढंच आहे.”

तेव्हापासून फर्डिनंड आतल्या आत धुमसत होता. कंटाळली तर कंटाळली. पण खोटे नियम रचून चारचौघांत आपलं माकड करायचं? एवढं काय वाकडं केलं होतं त्याने तिचं?

“पुढे मोकळं आहे का?” एमिलीने विचारलं.

त्याने बटणाकडे हात नेला.

“अहो, पुढे मोकळं आहे का, विचारतेय मी.”

फर्डिनंडने बटण कासवावरून सशावर फिरवलं आणि मुठीजवळचा खटका दाबला.

स्कूटर झटक्यात पुढे गेली. एमिलीचा हात सुटल्याचं त्याच्या पाठीला कळलं. “अहो, थांबा!” ती ओरडली. तो थांबला नाही. कितीतरी दिवसांनी तोंडावर वारा लागत होता. दोन्ही बाजूंच्या केळी भराभर मागे पडत होत्या. त्याला इतकं बरं वाटलं, इतकं बरं वाटलं की डोळ्यांत पाणीच आलं.

पन्नासेक पावलांवर त्याने वेग कमी केला आणि आरशात पाहिलं. एमिली होती तिथेच उभी होती, भर रस्त्यात. रुसली वाटतं. रुसू दे! तिलाही कळू दे एकदा.

तेवढ्यात तिच्या मागच्या वळणावरून पाण्याचा टँकर आला. त्याने हॉर्न वाजवला. एमिली हलली नाही. टँकरने पुन्हा हॉर्न दिला, लांबलचक. ती एक पाऊल उजवीकडे गेली, थबकली, मग डावीकडे सरकली. त्या बाजूला बावखल होतं, पुरुषभर पाण्याचं तळं, आणि त्याला कठडा नव्हता.

“अगं, तिकडे नको!” फर्डिनंड किंचाळला. त्याने स्कूटर वळवायला घेतली. गल्लीत वळायला जागा होती कुठे? पुढचं चाक गटारात गेलं आणि गाडी तिरपी होऊन अडकली. तो खटका दाबत राहिला. मोटर नुसती घुंई घुंई करत राहिली. उतरून धावावं, तर पाय नव्हता. टँकर ब्रेक मारत, घसरत येत होता, आणि फर्डिनंडच्या हातात ओरडण्यापलीकडे काहीएक उरलं नव्हतं.

“बाजूला हो!” तो बेंबीच्या देठापासून ओरडला. “एमिली, बाजूला हो!”

एमिलीने त्याच्या आवाजाकडे तोंड वळवलं. दोन्ही हात पुढे करून ती हवेत चाचपडत होती.

“सांगा ना,” ती रडवेली होऊन ओरडली, “कुठल्या बाजूला?”