रविवारचा फोन

दुहेरी सहाची सोंगटी काही सापडेना, म्हणून त्या शनिवारी डॉमिनोचा डाव बसलाच नाही. चौघं टेबलाभोवती नुसतीच बसून राहिली. इतकी वर्षं समोरासमोर बसून खेळलेली माणसं, पण सोंगट्या हातात नसल्या तर बोलायचं काय, हे एकालाही सुचेना.

"चला, डॉमिनो सोडून कोणाला काय येतं ते दाखवा," मिलेदी म्हणाली. ती मीचेस गावच्या दवाखान्यात नर्स होती. "ती बदामाच्या झाडाखालची मोटरसायकल बंद आहे ना? थांबा जरा."

तिनं बाह्या सरसावल्या, गाडी खोलली आणि कॉफी निवायच्या आत सुरू करून दाखवली. मग क्रिसोस्तोमो न्हावी घरून एक चादर घेऊन आला. चादरभर पोपट भरलेले होते, टाका न् टाका सारखा.

"बायकोनं भरलीय म्हणून सांगत आलो आजवर," तो मान खाली घालून म्हणाला. "ती बिचारी सुईत दोरासुद्धा ओवत नाही."

"आता तू, ग्रेगोरिया," मिलेदी म्हणाली.

"मला काही येत नाही," ग्रेगोरिया म्हणाली.

कोणी आग्रह केला नाही. तिचा मुलगा विल्किन गेल्या वर्षी चोरट्या होडीतून समुद्रापलीकडे पोर्तो रिकोला गेला, तेव्हापासून ती अशीच होती. डावात चुकायची नाही, पण जिंकली काय नि हरली काय, चेहरा तोच. लोक म्हणायचे, पोरगा सुखरूप पोचला, दर रविवारी फोन करतो, मग हिला झालंय तरी काय? फोन यायचा तो नेमका ती चर्चमध्ये मिस्साच्या प्रार्थनेला गेली असताना. घरी तिचा नवरा तुलिओ असायचा. तो फोन घ्यायचा आणि ती परतली की पोरगा काय काय म्हणाला ते सगळं सांगायचा. ती ऐकून घ्यायची आणि स्वयंपाकाला लागायची.

उरला रादामेस. हा बर्फाचे गोळे विकायचा आणि दिवसभरात चार शब्द बोलला तर खूप. त्यानं घसा साफ केला आणि थेट पाद्रीबाबांचा आवाज काढला. मग मासळीवाल्या फेफाची घासाघीस. मग खुद्द मिलेदी, इंजेक्शनला घाबरणाऱ्या पोलिसाला दटावताना. क्रिसोस्तोमो हसून हसून टेबलावर आडवा झाला. शेजारच्या घरात भांडी पडावीत, तसं ते हसणं ग्रेगोरियाला ऐकू येत होतं.

"माझ्या विल्किनचा येतो?" तिनं विचारलं.

हसणं थांबलं. "राहू दे ना, बाई," मिलेदी म्हणाली.

"येतो का?"

विल्किन रादामेसच्याच गल्लीत लहानाचा मोठा झाला होता. रादामेसनं तिच्याकडे न बघता ओठ उघडले. "आई, आशीर्वाद दे."

हुबेहूब विल्किन. शेवटचा शब्द ओढायची लकबसुद्धा तीच. "देव तुझं भलं करो," ग्रेगोरिया सवयीनं म्हणाली. आत काहीच हललं नाही. याला चांगलं जमतं, एवढंच तिच्या मनात आलं.

घरी जाताना तिनं त्याला गोळ्याच्या गाडीपाशी गाठलं.

"उद्या मिस्साच्या वेळी माझ्या घरी फोन कर. विल्किन म्हणून."

"कशाला? तो करतोच की."

"तो नाही करत. मी करते."

बाजारात केळी कशी दिली ते सांगावं, तशा आवाजात तिनं पुढचं सांगितलं. होडी पोचलीच नव्हती. वरच्या किनाऱ्यावरचा एक कोळी विल्किनच्या गळ्यातली साखळी घेऊन आला होता. तिनं ती दारातच घेतली आणि त्याला परत पाठवलं. तुलिओचं हृदय तेव्हा नुकतंच झटका खाऊन सावरत होतं. त्याला धक्का बसता कामा नये, असं डॉक्टरांनी बजावलं होतं. त्या रविवारी ती मिस्साऐवजी बेकरीमागच्या फोनपाशी गेली आणि रिसीव्हरवर रुमाल धरून बोलली.

"लहानपणी मी भावांचे आवाज काढून शेजाऱ्यांना फसवायचे. तेच उपयोगी पडलं."

"आणि तुलिओला कळलं नाही?"

"त्याला कमी ऐकू येतं. उलट पदरचं घालून मलाच सांगतो. पोरगा म्हणाला, आईला गुडघ्याला तेल लावायला सांगा. पोरगा म्हणाला, आईसारखा भात इथं कोणाला जमत नाही. मी असलं काही बोललेलीच नसते."

"तू रडलीस तरी का, ग्रेगोरिया?"

"डोळे सुजले की तो विचारणार." तिनं पिशवी दुसऱ्या हातात घेतली. "आता माझा आवाज फाटतो. मागच्या रविवारी तर मधेच घोगरा झाला. उद्या तू कर. मी घरीच थांबते, म्हणजे त्याला कसली शंका नको."

रादामेसनं गाडीचा दांडा पुसला. मग त्यानं होकाराची मान हलवली.

रविवारी तिनं गुडघ्याचं निमित्त केलं. "आज नाही जात मिस्साला," ती म्हणाली. तुलिओनं तिच्याकडे पाहिलं आणि बाकावर सरकून जागा केली. ती त्याच्याशेजारी बसून तुरीच्या शेंगा सोलू लागली. तोही एकेक शेंग उचलू लागला.

फोन वाजला. तुलिओ जागचा हलला नाही.

"घे ना," ती म्हणाली. "पोराचा असेल."

त्यानं रिसीव्हर उचलला. आवाज तिच्यापर्यंत स्पष्ट आला. "बाबा, आशीर्वाद द्या." हुबेहूब विल्किन. तिचे हात सोलतच राहिले.

तुलिओनं डोळे मिटले. आवाज थांबेपर्यंत त्यानं ऐकून घेतलं. मग हळूच, समजुतीच्या सुरात म्हणाला, "चुकीच्या घरी लागलाय रे, बाळा. आमचा विल्किन आज इथं माझ्याशेजारी बसून शेंगा सोलतोय."