मार्लिसचा गुडघा

दारू सोडवणाऱ्या केंद्रात जा म्हणून मार्लिस कित्येक वर्षं नवऱ्याच्या मागे लागली होती. व्हर्नचं उत्तर ठरलेलं. "अगं, दर वर्षी घरातल्या उपचारांचे पहिले सहा हजार डॉलर आपल्या खिशातून जातात, मग कुठे विमा कंपनी हात सैल सोडते. एवढे पैसे माझ्यावर उधळायचे? सोडेन मी माझा मी."

या फेब्रुवारीत मार्लिसने गुडघा बदलायचं काढलं, तेव्हा मात्र त्याने हूं की चूं न करता मासेमारीची लाडकी बोट विकली आणि पैसे भरले. विम्याआधी भरायचा दोघांचा मिळून वर्षभराचा वाटा एकदाचा फिटला.

मे महिन्यात एका सकाळी तिने त्याची बॅग गाडीत टाकली. "चल, बस. आता डिसेंबर संपेपर्यंत घरात कुणाचंही काही दुखणं निघू दे, सगळं विम्यातून. फुकट आहे, व्हर्न!"

फुकट म्हटल्यावर व्हर्न गाडीत बसला. वाटभर तो नुसता कुरकुरला, पण केंद्राच्या दाराशी त्याला हसू फुटलं. "तुझा गुडघा माझ्या मुळावर उठला बघ! पण काय गं, साध्या सुईला घाबरणारी तू, ऑपरेशनला एकदम तयार कशी झालीस?"

मार्लिसने बॅग त्याच्या हातात दिली.



"जुना गुडघा अजून पाच वर्षं आरामात चालेल, म्हणाले होते डॉक्टर. पण स्वतःसाठी तू बोट विकली नसतीस."