रोलमधला शेवटचा फोटो

१९९८ च्या मे महिन्यात मी जतजवळच्या एका कोरड्या ठणठणीत, पायऱ्यांच्या विहिरीचे पाच फोटो काढले. ते जोडून एक लांबलचक फोटो करायचा होता. सांगलीला परतल्यावर रोल संपवायचा म्हणून सहावा काढला: उंबऱ्यावर उभी असलेली आमची पाच वर्षांची सई.

रोल धुवून आल्यावर सहाही प्रिंट स्कॅन करून कॉम्प्युटरवर घेतल्या. फोटो जोडणारी दोन सॉफ्टवेअर मिळाली होती. त्यांतलं एक निवडायचं होतं. पहिल्याने न विचारताच सहावा फोटोही जोडला. आमच्या उंबऱ्याला लागूनच विहिरीची पायरी सुरू झाली. सांधा शोधूनही सापडेना. भिकार सॉफ्टवेअर, म्हणून मी ते काढून टाकलं.

दुसऱ्याला फक्त विहिरीचे पाच फोटो दिले. तरी उंबरा आलाच. पण सई आता चौथ्या पायरीवर होती, पाठमोरी.

मी सहाव्या फोटोची प्रिंट उचलली. तिच्यात नुसतं दार होतं.

"उमा, सई कुठंय?"

"दारात खेळतीये," बायको स्वयंपाकघरातून म्हणाली. "बोलवा तिला, पानं वाढलीयेत."

मी दाराशी गेलो. उंबऱ्यापुढे अंगण नव्हतं, पायरी होती. तिच्याखाली दुसरी. चौथीवर सईच्या चपला होत्या, ओल्या.