टपली

बाबा गेल्यापासून बंद पडून असलेला सीडी प्लेअर दादाने उघडला. स्पिरिटच्या बोळ्याने लेन्स पुसली, मऊ फडक्याने सीडी. “अंगठ्याचा ठसा होता नुसता! आणि बाबा जन्मभर प्लेअरला बडवत बसले.” तिसरं गाणं दुसऱ्या कडव्यात हमखास अडकायचं, एकच शब्द घोकत राहायचं. मग पेपरातून डोकं न काढता बाबा प्लेअरला टपली मारायचे आणि शेजारी अभ्यासाला बसलेल्या आम्हा दोघांनाही एकेक. “तुमचीही गाडी पहिल्याच पानावर अडलीय!” दादाने सीडी लावली. तिसऱ्या गाण्याचं दुसरं कडवं आलं, तशा आम्हा चाळिशीतल्या बहीणभावांच्या माना आपोआप खाली गेल्या. गाणं मात्र सुरळीत पुढे निघून गेलं. दादा स्वतःच्याच डोक्यावरून हात फिरवत राहिला. आई हात पुसत स्वयंपाकघरातून दारात आली, क्षणभर ऐकत थांबली आणि म्हणाली, “दुरुस्त केलास, की बिघडवलास रे?”