बाजूलाच आहे

पेल्यात चमचा किणकिणला आणि चांदणीचा हुंदका थांबला. शेजारच्या विमलाबाई साखरपाणी ढवळत होत्या. रसिका त्यांच्या दारातच उभी राहिली, चपला पायात तशाच.

"आलीस बाई! अख्खी बिल्डिंग पालथी घातली तुझ्या लेकीने. माझा जरा डोळा लागला, तेवढ्यात उठून बाहेर."

'बस मिळाली नाही' हे वाक्य रसिकाने जिन्यातच तयार केलं होतं. ते तोंडातून निघेना. बस मिळाली होती.

स्टेशनजवळच्या प्रोग्रॅमिंगच्या क्लासमध्ये दोघींत एक कॉम्प्युटर. आज जोडीदारीण आली नाही. सर म्हणाले, "बसा मॅडम, अजून तासभर." ती बसली. ॲरेच्या, म्हणजे प्रोग्रॅममधल्या यादीच्या, पाच खणांत पाच भाज्यांची नावं भरली. आजवर ती प्रत्येक खणासाठी वेगळी ओळ लिहायची. आज पहिल्यांदा लूप लावला. एका खणात जायचं, नाव छापायचं, पुढच्यात जायचं, खण संपेपर्यंत. मेथी, भेंडी, गवार... एकाखाली एक नावं पडत गेली. तिने पुन्हा चालवला. मग उगाचच आणखी खण वाढवले, फरसबी, सुरण, नुसतं बघायला. घड्याळ समोरच होतं. तिने ते पाहिलंही होतं.

"काय सांगून गेली होतीस हिला?"

"बाजूलाच जाऊन येते म्हटलं. क्लास म्हटलं की रडते हो."

"मग तिने बाजूला शोधलं."

रसिका खाली बसली. चांदणी येऊन गळ्यात पडली. गाल चिकट, एक चप्पल गायब. पण सांगायची घाई झाली होती.

"आई, मी खालपासून सुरू केलं. दार वाजवलं, विचारलं, 'मेरी मम्मी है?' नाही म्हणाले. मग पुढचं वाजवलं. तिथे पण नाही. मग पुढचं. मेहता आजी चॉकलेट देत होत्या, मी थांबलेच नाही. एक पण दार सोडलं नाही मी!"

"शहाणी गं माझी," रसिका कशीबशी म्हणाली.

विमलाबाईंनी पेला खाली ठेवला. "गच्चीवर सापडली," त्या हळूच म्हणाल्या. "कठड्यावर चढत होती."

रसिकाचे हात लेकीच्या पाठीवर घट्ट झाले. चांदणीने मान मागे घेतली, आईचा चेहरा नीट पाहिला.

"आई, सगळी दारं संपली की मग कुठे शोधायचं असतं?"