कावळा शिवेना

ठकूबाईच्या दशक्रियेला मांडवीचा घाट भरला होता, पण पिंडाला कावळा काही शिवेना. तीस वर्षांपूर्वी तिचा राजू कॉलेजातून घरी परतलाच नाही. खून पचतो का ते बघायचं म्हणून बड्या घरच्या तीन पोरांनी त्याला मारलं, हे सगळ्या तालुक्याला ठाऊक होतं. पण प्रेत सापडलं नाही आणि तिघंही सुटले.

त्यांतलेच एक जयसिंगराव आता पुढारी होते, आणि तालुक्यातली एकही दशक्रिया चुकवत नसत. श्रद्धांजलीचं भाषण उरकून ते माईक धरून ताटकळले होते. ऊन चढलं होतं, अजून दोन दशक्रिया गाठायच्या होत्या.

"पोराचा पत्ता लागल्याबिगर म्हातारी हलायची न्हाई, राव," मागून कुणीतरी म्हणालं.

जयसिंगराव वैतागले. पुढे झाले, हात जोडून पिंडावर वाकले आणि पुटपुटले, "काकू, तुमचा राजू आमच्या खोडदच्या पडक्या विहिरीत हाय. जावा आता."

कावळा झपकन आला आणि घास घेऊन उडाला. हुश्श करत ते मागे वळले, तर सगळा घाट त्यांच्याकडेच बघत होता.



जोडलेल्या हातांत माईक अजून चालूच होता.